प्रभातची तुतारी आणि कागलचे साहेबमामा

'ब्रँड' हा शब्द आता चहाच्या गाड्यापर्यंत पोहोचला आहे. नव्या व्यवसायाचं नाव ठरलं की लोगो लागतो आणि लोगो झाला की तो हलता हवा असतो. अक्षरं गरगर फिरत येतात, त्यावरून सोनेरी चकाकी सरकते, खाली एखादी धून वाजते आणि दोन-तीन सेकंदांत सगळं संपतं. या कामाला 'मोशन ग्राफिक्स' म्हणतात. हे शिकवणारे वर्ग आता जिल्ह्याच्या ठिकाणी निघाले आहेत. ही विद्या संगणकाबरोबर, बाहेरून आपल्याकडे आली, असा सर्वसाधारण समज आहे.

कोल्हापूरचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. संगणक यायच्या कितीतरी आधी या शहरात स्थापन झालेल्या एका कंपनीची ओळख पडद्यावर तुतारी फुंकून होत असे. ती कंपनी म्हणजे 'प्रभात'. तिच्या पाच संस्थापकांपैकी एक होते कागलचे शेख फत्तेलाल. चित्रपटसृष्टी त्यांना साहेबमामा म्हणायची. प्रभातचं नाव मराठी माणसाच्या तोंडी आजही आहे. तुतारीचं चित्र दाखवलं तर घरातली वडीलधारी मंडळी ते पटकन ओळखतात. साहेबमामा कोण, त्यांचं पूर्ण नाव काय, हे विचारलं तर मात्र बहुतेकांना आठवावं लागतं.

एखादं चिन्ह नव्वद वर्षं टिकतं आणि ते ज्या घरातून निघालं त्या घरातली माणसं विस्मृतीत जातात. असं का होतं, हे समजून घ्यायचं तर आधी ते घर पाहिलं पाहिजे.

कोल्हापूरची चित्रशाळा

राजर्षी शाहू महाराजांच्या काळातलं कोल्हापूर हे कलावंतांचं गाव होतं. संगीतात उस्ताद अल्लादिया खाँसाहेब दरबारी गायक होते. १९१५ च्या सुमारास पॅलेस थिएटर उभं राहिलं, तेच पुढे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह झालं. याच काळात महाराजांनी जातिनिहाय वसतिगृहं काढून शिक्षणाची वाट मोकळी केली. १९०६ साली मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी मोहमेडन बोर्डिंग सुरू झालं, तेही याच धोरणाचा भाग होतं. म्हणजे कलेला आश्रय आणि मागे राहिलेल्यांना शिक्षण, या दोन गोष्टी कोल्हापुरात एकाच वेळी घडत होत्या.

चित्रकलेत या शहराचं पहिलं मोठं नाव आबालाल रहिमान यांचं. त्यांच्या घराण्यात कुराणाच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याचा आणि त्यांवर नक्षीकाम करण्याचा पिढीजात व्यवसाय होता, असं सांगितलं जातं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकून ते कोल्हापूरला परतले, शाहू महाराजांचे दरबारी चित्रकार झाले आणि कोटीतीर्थाच्या काठी राहून निसर्ग रंगवत बसले. रंकाळ्याकाठचा संध्यामठ त्यांनी रंगवला. १९३१ मध्ये त्यांचं निधन झालं. बदलता प्रकाश पाहून तो पकडणारी नजर या शहराला मिळाली, त्यात आबालाल यांचा वाटा मोठा आहे.

दुसरी परंपरा मेस्त्रींची. आनंदराव पेंटर आणि बाबुराव पेंटर हे दोघे भाऊ. सुतारकाम, शिल्प, रंगकाम अशा अनेक कामांत त्यांचा हात चालत होता. नाटक मंडळ्यांसाठी ते पडदे रंगवत. राजवाडा, अरण्य, देऊळ, रस्ता असे पडदे ते असे रंगवत की सपाट कापडावर खोली दिसे. मूकपट पाहिल्यावर या दोघांना चित्र हलवण्याचा ध्यास लागला. आनंदराव १९१६ मध्ये वारले. बाबुरावांनी काम सोडलं नाही. विष्णुपंत दामले यांच्या मदतीने त्यांनी १९१८ च्या सुमारास स्वतःचा कॅमेरा तयार केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तिला गायिका तानीबाई कागलकर यांनी आर्थिक मदत केली. १९२० मध्ये 'सैरंध्री' प्रदर्शित झाला.

बाबुरावांचं आणखी एक काम आपल्या विषयाशी थेट जोडलेलं आहे. आपल्या चित्रपटांची पोस्टरं ते स्वतः रंगवत. चित्रपटाची माहिती आणि छायाचित्रं असलेल्या पुस्तिका त्यांनी काढल्या. १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर भारतात उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या चित्रपट-पोस्टरांपैकी एक मानलं जातं. जाहिरात ही चित्रपटाइतकीच नीट झाली पाहिजे, ती मुख्य कलावंताच्या हातून झाली पाहिजे, हा धडा त्यांच्या कंपनीतल्या प्रत्येकाने जवळून पाहिला. त्या काळी देशात साक्षरतेचं प्रमाण दहा टक्क्यांच्या आत होतं. वाचता न येणाऱ्या माणसाला दारापर्यंत आणायचं तर चित्रालाच बोलावं लागत होतं.

या कंपनीत दामले होते, फत्तेलाल होते, केशवराव धायबर होते आणि शांताराम वणकुद्रे होते. पुढे व्ही. शांताराम म्हणून जग ज्यांना ओळखू लागलं, ते हेच. पडदे रंगवणं, कॅमेरा चालवणं, फिल्म धुणं, लाकडी सांगाडे उभे करणं, वेळ पडली तर अभिनय करणं, असं सगळं काम सगळ्यांनी केलं. १९२८ चा 'महारथी कर्ण' दामले आणि फत्तेलाल यांनी मिळून दिग्दर्शित केला.

पाच भागीदार

१ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीची स्थापना झाली. शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर हे चार कलावंत-तंत्रज्ञ होते. पाचवे भागीदार सीतारामपंत कुलकर्णी, त्यांनी भांडवल उभं केलं. पहिला मूकपट 'गोपाळकृष्ण' त्याच वर्षी आला. मूकपटांनंतर १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट आला. गोविंदराव टेंबे त्यात राजा हरिश्चंद्र होते आणि संगीतही त्यांचंच होतं. तारामती होत्या दुर्गा खोटे. १९३३ मध्ये कंपनी पुण्याला हलली.

कोल्हापूर सुटलं तरी कोल्हापूरची रीत सुटली नाही. प्रत्येकाचं खातं ठरलेलं होतं. दामले यांच्याकडे ध्वनी आणि तांत्रिक बाजू होती. साहेबमामा कलादिग्दर्शक होते. देऊळ, वाडा, राजसभा, देहूचं घर, असं जे काही प्रभातच्या पडद्यावर उभं राहिलं त्यावर त्यांची नजर फिरलेली असे. प्रभातचा चित्रपट पाहिल्यावर 'हा प्रभातचाच' असं जे वाटायचं, त्याचं मोठं कारण हे दृश्य एकसंधपण होतं. आजच्या भाषेत यालाच ब्रँडची दृश्य ओळख म्हणतात. लोगो हा तिचा एक भाग असतो. बाकीचा भाग रंग, रचना, प्रकाश, अक्षरं आणि कामातलं सातत्य यांनी बनतो. लोगो सुंदर आणि माल सुमार असेल तर लोक त्या लोगोलाच हसतात. प्रभातच्या तुतारीला लोक मान देत होते, कारण तिच्यामागून येणारा चित्रपट तोलामोलाचा असे.

तुतारीच का?

बोधचिन्ह असावं ही कल्पना प्रभातची स्वतःची नव्हती. जगभरच्या चित्रपट कंपन्या तेव्हा आपापली चिन्हं वापरत होत्या. फ्रान्सच्या पाथे कंपनीचा कोंबडा प्रसिद्ध होता. सुरुवातीच्या काळात चित्रपटांच्या चोरून प्रती निघत. त्याला आळा घालण्यासाठी पाथे कंपनी हा कोंबडा चित्रीकरणाच्या देखाव्यातच कुठेतरी लावून ठेवत असे. म्हणजे चित्रपटातल्या चिन्हाचा जन्म मालकी सांगण्यातून झाला. अमेरिकेच्या एमजीएम कंपनीचा सिंह १९२८ मध्ये डरकाळी फोडू लागला. युनिव्हर्सलने पृथ्वीचा गोल घेतला. ब्रिटनमध्ये १९३५ च्या सुमारास भल्यामोठ्या तासावर टोला हाणणारा पुरुष पडद्यावर आला.

या रांगेत प्रभातची तुतारी फुंकणारी स्त्री ठेवून पाहिली की तिचं वेगळेपण कळतं. सिंह हे ताकदीचं चिन्ह आहे आणि पृथ्वीचा गोल हे पसाऱ्याचं. सिंहाचा कंपनीच्या नावाशी थेट संबंध नाही. तुतारीचं तसं नाही. प्रभात म्हणजे पहाट. पहाट झाली हे सांगायला कुणीतरी हाक द्यावी लागते. इथे ती हाक तुतारीची आहे. नावाचा अर्थ, चित्रातली कृती आणि तिचा आवाज या तिन्ही गोष्टी एकच सांगतात.

तुतारी हे इथलं वाद्य आहे. किल्ल्यावर, दरबारात, लग्नाच्या मांडवात, जत्रेत ती वाजत आली. कोल्हापुरासारख्या संस्थानाच्या गावी तिचा आवाज कुणाला समजावून सांगावा लागत नव्हता. केशवसुतांची 'तुतारी' ही कविता १८९३ ची. तेव्हापासून शिकलेल्या मराठी माणसाच्या मनात तुतारीला नव्या काळाची हाक असाही अर्थ जोडला गेला होता. न शिकलेल्याला ती लग्नातली तुतारी, शिकलेल्याला केशवसुतांची. एका चिन्हात दोघांनाही काहीतरी आपलं सापडत होतं.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. प्रभातने बरेच चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत काढले. 'अयोध्येचा राजा' हिंदीत 'अयोध्या का राजा' झाला. 'माणूस' हिंदीत 'आदमी' झाला. संवाद बदलले, गाणी बदलली, काही वेळा नटही बदलले. तुतारी बदलावी लागली नाही. लाहोर असो, हैदराबाद असो की सोलापूर, तिचा अर्थ भाषांतराशिवाय पोहोचत होता. अक्षरांवर उभा राहिलेला लोगो त्या लिपीपाशी अडतो. कृतीवर उभा राहिलेलं चिन्ह लिपी ओलांडतं. हलत्या चिन्हाची ही ताकद प्रभातने पुरेपूर वापरली.

काही सेकंदांचं काम

हलत्या चिन्हाला वेळ फार थोडा मिळतो. प्रेक्षक खुर्चीत नीट बसलेला नसतो, शेजारी बोलत असतात, दार उघडंच असतं. तेवढ्यात त्याला थांबवायचं, कंपनी कोणती ते सांगायचं आणि पुढच्या चित्रासाठी तयार करायचं. त्यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली, एकच ठळक हालचाल. दुसरी, त्या हालचालीला शोभणारा आवाज. तिसरी, प्रत्येक वेळी तेच आणि तसंच. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, कारण करणाऱ्याला दरवेळी नवं काहीतरी करावंसं वाटतं आणि पाहणाऱ्याला ओळखीचं हवं असतं.

मूकपटाच्या काळात पडद्यावरच्या वाद्याचा आवाज ऐकू येणं शक्यच नव्हतं. बोलपट आला आणि तुतारीला कंठ मिळाला. चित्र ऐकू येऊ लागलं. थिएटरच्या बाहेर पानाच्या दुकानावर उभ्या असलेल्या माणसालाही खेळ सुरू झाल्याचं आता कानाने कळू शकत होतं. आज मोबाइलवर एखादं ॲप उघडताना जी दोन स्वरांची धून वाजते, तिचं काम हेच आहे. कंपन्या त्यासाठी वेगळे संगीतकार नेमतात.

पडद्यावरच्या हालचालीचं गणितही लक्षात घेण्यासारखं आहे. बोलपटात एका सेकंदाला २४ चौकटी सरकतात. पाच सेकंदांच्या चिन्हासाठी १२० चौकटी लागतात. माणसाचं किंवा मूर्तीचं चित्रीकरण केलं तर कॅमेरा हे काम आपोआप करतो. तेच हाताने चित्रं काढून करायचं तर प्रत्येक चित्र मागच्यापेक्षा किंचित वेगळं काढावं लागतं. दोन चौकटींना एक चित्र धरलं तरी पाच सेकंदांना ६० चित्रं. पाच मिनिटांना ३,६०० चित्रं. आज संगणक मधली चित्रं स्वतः भरतो, त्यामुळे हे कष्ट दिसेनासे झाले आहेत.

महाराष्ट्रात या कष्टांची सुरुवात दादासाहेब फाळके यांनी केली. १९१५ मध्ये त्यांनी 'आगकाड्यांची मौज' हा छोटा चित्रपट केला. काडी थोडी सरकवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायची. जोडून पाहिलं की काड्या स्वतःच चालू लागतात. पुढे १९३४ मध्ये प्रभातने 'जंबू काका' हा कोल्ह्यावरचा छोटा कार्टूनपट काढला. त्याच वर्षी कलकत्त्यात न्यू थिएटर्सचा 'पी ब्रदर्स' प्रदर्शित झाला. म्हणजे अमेरिकेत डिस्नेचा मिकी माऊस येऊन सहा वर्षं होतात न होतात तोच आपल्याकडच्या दोन आघाडीच्या कंपन्या हाताने चित्रं हलवून पाहत होत्या. धंदा म्हणून हे जमलं नाही. इतक्या चित्रांचा खर्च एका छोट्या फिल्ममधून निघणं कठीण होतं. पण नवं तंत्र आलं की ते करून पाहायचंच, ही मेस्त्री बंधूंच्या कारखान्यातली सवय प्रभातने पुण्यातही सोडली नव्हती.

प्रभातनंतर

भागीदार एकेक करून दूर झाले. शांताराम यांनी १९४२ मध्ये मुंबईत राजकमल कलामंदिर काढलं. दामले १९४५ मध्ये गेले. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रभात बंद पडली. स्टुडिओच्या त्याच जागेवर १९६० मध्ये केंद्र सरकारची फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. पुण्यातला एक रस्ता आजही प्रभात रस्ता म्हणून ओळखला जातो. म्हणजे कंपनी गेली आणि नाव रस्त्याला लागून राहिलं.

मधल्या काळात जगात या कामाला स्वतंत्र नाव मिळालं. अमेरिकन चित्रकार सॉल बास यांनी १९५५ च्या 'द मॅन विथ द गोल्डन आर्म' या चित्रपटाची श्रेयनामावली कागदाच्या कापलेल्या आकृत्या हलवून केली आणि ती चित्रपटाइतकीच गाजली. १९६० मध्ये जॉन व्हिटनी यांनी 'मोशन ग्राफिक्स' या नावाची कंपनीच काढली. तेव्हापासून हा शब्द रुळला.

आपल्या देशात तुतारीनंतर ज्या हलत्या चिन्हाने घराघरात जागा मिळवली, ते दूरदर्शनचं. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत देवाशिष भट्टाचार्य यांनी ते रेखाटलं. मध्ये गोल आणि त्याभोवती दोन वळणं, डोळ्यासारखी. त्याच संस्थेतल्या आर. एल. मिस्त्री यांनी त्याला चाल दिली. आकृत्या फिरत फिरत जवळ येतात आणि शेवटी एक चिन्ह तयार होतं. धून केली पंडित रविशंकर आणि सनईवादक उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांनी. १ एप्रिल १९७६ रोजी दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं, तेव्हापासून ती देशाच्या कानात बसली.

तुतारी आणि सनई ही दोन्ही मंगल प्रसंगी फुंकून वाजवायची वाद्यं. पन्नास वर्षांच्या अंतराने दोन वेगळ्या संस्थांनी आपल्या ओळखीसाठी लग्नमांडवातल्या आवाजाकडेच वळावं, हा योगायोग विचार करायला लावतो. लोकांच्या आयुष्यात आधीच बसलेला आवाज उचलला तर तो नव्याने शिकवावा लागत नाही.

अशी चिन्हं किती खोल रुजतात, हे ती बदलली की कळतं. एप्रिल २०२४ मध्ये डीडी न्यूजने आपल्या चिन्हाचा लाल रंग बदलून केशरी केला. बातम्या त्याच होत्या, आकारही फारसा वेगळा नव्हता, तरी देशभर वाद झाला. चिन्ह हे सजावट असतं तर एवढी चर्चा झाली नसती. ते कुणाचं आहे आणि त्यात कोण बसतं, हा प्रश्न त्यामागे असतो.

दामले-फत्तेलाल

हाच प्रश्न प्रभातच्या बाबतीत विचारला पाहिजे. प्रभात कुणाची?

१९३६ मध्ये 'संत तुकाराम' आला. दिग्दर्शक म्हणून नाव आलं दामले-फत्तेलाल. विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले होते. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. भारतीय चित्रपटाला परदेशात मिळालेल्या सुरुवातीच्या मोठ्या सन्मानांपैकी तो एक आहे. त्यानंतर याच जोडीचे 'गोपाळकृष्ण' आणि 'संत ज्ञानेश्वर' आले. 'संत सखू'च्या दिग्दर्शनातही ही जोडी होती. दामले गेल्यावर साहेबमामांनी १९५५ मध्ये 'जगद्गुरू शंकराचार्य' केला. १९६४ मध्ये त्यांचं निधन झालं.

वारकरी संतांचं जे चित्र मराठी मनात आज घट्ट बसलं आहे, देहूचं घर, इंद्रायणीचा काठ, साधी माणसं, भक्तीचा तो साधेपणा, ते रेखाटणाऱ्या दोन हातांपैकी एक हात कागलच्या शेख फत्तेलाल यांचा होता. त्या काळी कुणी त्यांना विचारलं नाही की तुकोबांशी तुमचा काय संबंध. संबंध उघड होता. त्यांची भाषा मराठी होती, गाव मराठी होतं, शिक्षण कोल्हापूरच्या पेंटर मंडळींच्या हाताखाली झालं होतं. शेख महंमद यांना संतमालिकेत बसवणारी ही भूमी आहे. तिथे कागलच्या एका मुस्लिम कलावंताने तुकोबा पडद्यावर उभा करावा यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नव्हतं.

आश्चर्य आज वाटतं. 'फत्तेलाल' हे नाव ऐकून अनेकांना ते मुस्लिम होते हे कळत नाही. कळलं की दोन प्रकारच्या प्रतिक्रिया येतात. काही जण चमकतात, जणू एखादा अपवाद सापडला. काही जण ते सौहार्दाचं उदाहरण म्हणून भाषणात वापरतात आणि पुढच्या वाक्याला विसरतात. या दोन्हींत साहेबमामांच्या कामाकडे पाहिलंच जात नाही. ते प्रभातमध्ये कुणाचं प्रतिनिधित्व करायला बसले नव्हते. ते भागीदार होते. पडद्यावर काय दिसेल आणि कसं दिसेल, हे ठरवण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. मराठी चित्रपटाची दृश्य ओळख घडवण्यात मुस्लिमांचं योगदान आहे, असं म्हणताना आपण नकळत त्यांना बाहेरचे ठरवतो. योगदान पाहुणा देतो. घरचा माणूस घर बांधतो.

या बाबतीत आपल्या समाजालाही काही बोललं पाहिजे. चित्र, नाटक, सिनेमा यांविषयी मुस्लिम घरांमध्ये संकोच होता आणि आजही आहे. त्यावर धार्मिक मतमतांतरं आहेत, ती इथे मांडायची गरज नाही. पण त्या संकोचामुळे आपणच आबालाल आणि साहेबमामांना आपल्या इतिहासात जागा देत नाही, हे खरं आहे. आपल्याकडे नावं घेतली जातात ती लढवय्यांची, मौलानांची, फार तर शायरांची. कुराणाच्या पानावर नक्षी काढणाऱ्या घरातून एक निसर्गचित्रकार निघतो आणि कागलमधून एक कलादिग्दर्शक निघतो, ही परंपरा मुलांना सांगितली जात नाही. मग डिझाइन हे क्षेत्र आपलं नाही असं त्या मुलांना वाटू लागतं.

प्रभातने स्वतः या विषयावर चित्रपट काढला होता. १९४१ चा 'शेजारी', हिंदीत 'पडोसी'. एक हिंदू आणि एक मुस्लिम शेजारी, त्यांची मैत्री आणि ती तोडणारं राजकारण, अशी गोष्ट. हिंदी आवृत्तीत हिंदू ठाकुरांची भूमिका मजहर खान यांनी केली आणि मुस्लिम मिर्झांची गजानन जागीरदार यांनी. पाकिस्तानच्या ठरावाला वर्ष होत होतं तेव्हाची ही गोष्ट आहे. त्या चित्रपटाचे दिग्दर्शक शांताराम होते. तो ज्या कंपनीने काढला तिच्या मालकांत दामले आणि फत्तेलाल एकत्र होते. पडद्यावरचा शेजार त्यांच्या कारखान्यात रोजचा होता.

आज कोल्हापुरात

आज कोल्हापुरात गूळ, चप्पल, साज, मसाला, मिसळ, यांतल्या प्रत्येकाचे ब्रँड निघत आहेत. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला आणल्या, तेव्हा आधी कोल्हापूरचं नावही घेतलं नव्हतं. ओरड झाल्यावर कंपनीने मूळ प्रेरणा मान्य केली. आकार जगभर फिरतो आणि करणाऱ्याचं नाव मागे राहतं, याचं इतकं ताजं उदाहरण दुसरं सापडणार नाही.

या सगळ्या ब्रँडना हलते लोगो हवे आहेत आणि ते करणारी तरुण मुलं शहरात आहेत. बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरांचं काम फ्लेक्सने नेलं. त्यांच्या घरातली पुढची पिढी संगणकावर बसली आहे. त्यांत मुस्लिम मुलंही आहेत. काम बहुतेक वेळा तयार साच्यावर चालतं. साचा विकत घ्यायचा, नाव बदलायचं, चकाकी तशीच ठेवायची. गुळाच्या ब्रँडची अक्षरं आणि गाड्यांच्या शोरूमची अक्षरं एकाच पद्धतीने गरगरत येतात. गिऱ्हाइकाला घाई असते आणि पैसे कमी असतात, हे मान्य. तरीही प्रभातचा हिशेब अशा वेळी कामी येतो. या नावाची स्वतःची हालचाल कोणती, हा प्रश्न आधी विचारायचा. गुऱ्हाळातली काहील ढवळताना रस वळतो, ती एक हालचाल आहे. चपलेची वेणी विणताना कातडी पट्टी वरखाली जाते, तीही एक आहे. साजातली पानं एकामागून एक ओवली जातात. या गोष्टी कुठल्याही साच्यात मिळणार नाहीत. त्या पाहायला त्या कारागिराकडे जाऊन बसावं लागेल.

आणि काम झालं की त्यावर नाव घालावं. मोशन ग्राफिक्सचं काम करणाऱ्यांचं नाव सहसा कुठेच येत नाही. चिन्ह मालकाचं होतं आणि करणारा पुढच्या कामाला लागतो. प्रभातच्या श्रेयनामावलीत दामले आणि फत्तेलाल ही दोन नावं जोडून आली, म्हणून आज आपण ती शोधून काढू शकतो. ती छापली नसती तर तेही आपल्याला ठाऊक झालं नसतं.

कागल ते कोल्हापूर हे अंतर वीस किलोमीटरच्या आसपास आहे. महामार्गावरून जाताना कागलची कमान दिसते, शाहू महाराजांचं मूळ घराणं तिथलं, हे फलकावरून कळतं. शेख फत्तेलाल यांचं नावही तिथल्या आणि कोल्हापुरातल्या कलाशाळांच्या भिंतीवर असायला हवं. त्यासाठी सरकारची वाट पाहायची गरज नाही. शाळेतल्या एका तासाला 'संत तुकाराम' दाखवावा, सुरुवातीची तुतारी वाजू द्यावी आणि श्रेयनामावली आली की तिथे थांबून दोन्ही नावं मुलांकडून मोठ्याने वाचून घ्यावीत.